एकविसातलं एक

दिवसभर मी गळेच बघते.
टेबल कमरेएवढं, आरसा विटेला टेकवलेला,
त्यात तोंडं येत नाहीत कुणाची.
हनुवटीपासून खाली सुरू होतात माणसं
आणि ब्लाऊजच्या काठाशी संपतात.

पेटाळ्याच्या मैदानावर तिसरा दिवस.
मांडवाच्या कापडातून ऊन लाल होऊन पडतं,
त्या उजेडात पितळही सोन्यासारखं वागतं,
म्हणून मी गिऱ्हाइकाला म्हणते, बाहेर या की जरा,
उन्हात बघा, मग ठरवा.
शेजारून शमा बागवान हसते:
"तू इकायला आलीयास, का परत पाठवायला?"
तिचे झुमके मातीचे. पडला की गेला.
सकाळपासून दोन गेले, दोन वेगळ्या जोड्यांतले.
उरलेले दोघे तिनं एकाच कार्डावर टोचले,
एक निळा, एक हळदी,
आणि तेच पहिले विकले गेले.

साज मात्र मोजून असतो.
एकवीस पानं. मासा, कासव, शंख, नाग, कारलं, भुंगा...
हुपरीत आमच्या गल्लीत पाढ्यांआधी हे पाठ व्हायचं.
ठशावर पातळ पत्रा, पत्र्यावर शिसं, शिशावर हातोडी,
मागनं गरम लाख भरायची.
तेव्हा बोटाला जे होतं त्याला भाजणं म्हणत नाहीत,
"लाख लागली" म्हणतात.
वडील चांदीत करायचे. मी पितळेत करते.
चांदीचा भाव विचारू नका.

दुपारी, मांडव पेंगत असताना, एक गळा आला
आणि आरशात थांबला.
सावळा. दोन वळ्या, आणि खालच्या वळीशी
एक फिकी रेघ, बरीच वर्षं काही घातल्याची,
आता न घातल्याची.
मी काही बोलले नाही.
साज पुढं केला, मानेमागं गोंडा ओढून दिला.

ती बघत राहिली.
चहा आला, त्यावर साय धरली.
कुणी न विचारता फोटो काढून गेलं.
एकीनं मान लांब करून विचारलं,
"ऑनलाइन अडीचशेला हाय की वो हाच?"
"असंल. त्यात लाख नसती."
"मग काय असतंय?"
"हवा."

ती तशीच.
मग तिनंच गाठ सरकवली, साज उतरवला,
ओंजळीत धरून एकेक पान चाचपलं,
बाजारात शेंगा निवडाव्या तसं,
आणि म्हणाली, "ह्यातला मासा तेवढा द्याल?"

मासा?

"गळ्यात न्हाई घालत. किल्लीला लावते.
कुलूप घालताना हाताला लागंल कायतरी."

मी कात्री शोधली. शमानं कपाळावर हात मारला.
दोरा तुटताना आवाज झाला नाही,
जवमणी तेवढे टेबलभर पळाले,
आम्ही तिघी वाकून गोळा करत होतो
तेव्हा तिचं तोंड मला पहिल्यांदा दिसलं.
नाकात चमकी होती. बारीक, लबाड.

"किती झालं?"
इथं मी अडले.
अख्ख्या साजाचे साडेअठराशे.
एका पानाचा भाव आजवर कुणी विचारला नव्हता,
वडिलांनाही नाही.
मोबाइलवर भागून बघितलं:
अठ्ठ्याऐंशी, मग टिंब, मग आकडे संपेचनात.
"शंभर घ्या," तीच म्हणाली, "वरचं र्‍हाऊ द्या."

रात्री टेम्पोत, पेट्यांवर बसून, वीस पानं कागदात.
शमा म्हणते, नवा मासा ठोक, घाल, कुणाला कळतंय.
ठसा घरी आहे. पत्राही आहे.
वहीत लिहिलं: मासा, एक, शंभर.
त्याखाली साजाच्या ओळीत
विकला लिहू का उरला लिहू, पेन तिथंच,
तोवर गांधीनगरच्या पुढं टेम्पो खड्ड्यात आपटला
आणि रेघ पार समासाबाहेर गेली.

शमानं डोळे मिटूनच सांगितलं,
"उद्या मी मुद्दाम दोन पाडणार हाय."